‘गिट’ सापडत नाही : दोष कोठे शोधावा?

शासकीय कार्यालये, शाळा आणि ग्रामपंचायती यांच्या दैनंदिन कामकाजात संगणकाने आता कायमचे स्थान मिळविले आहे. अहवाल तयार करणे, गुणपत्रके जुळविणे, जुन्या फायलींच्या प्रती सुरक्षित ठेवणे अशी अनेक कामे माणसाने एकेक करून करण्याऐवजी संगणकाकडून ओळीने करवून घेतली जातात. त्यासाठी आज्ञांची जी क्रमवार यादी लिहून ठेवलेली असते, तिला ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. स्क्रिप्ट एकदा नीट लिहिली की ती वर्षानुवर्षे काम करते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु संगणक बदलला, कार्यप्रणालीची नवी आवृत्ती आली किंवा तीच स्क्रिप्ट दुसऱ्या कार्यालयात नेली की पुष्कळदा पहिल्याच ओळीवर ती अडते आणि पडद्यावर एक तुटक संदेश उमटतो : ‘गिट : कमांड नॉट फाउंड’. गिट ही आज्ञा सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हा संदेश पाहताच संगणक बिघडला असे समजून तंत्रज्ञाला बोलावले जाते, सर्व प्रोग्राम पुसून पुन्हा बसविले जातात किंवा काम तसेच सोडून दिले जाते. वास्तविक हा दोष शोधण्यास सोपा असून त्याची कारणे मोजकीच आहेत. मात्र तो दुर्लक्षित राहिल्यास काही वेळा फार मोठी हानी होऊ शकते. म्हणून या दोषाचे स्वरूप, त्याची कारणे आणि त्यावरील उपाय यांचा क्रमाने विचार करणे अगत्याचे आहे.

फेरफार नोंदवही आणि गिट

गिट हा ‘आवृत्ती-नियंत्रण’ करणारा प्रोग्राम आहे. आवृत्ती-नियंत्रण ही कल्पना महसुली दप्तराशी परिचय असणाऱ्यांना मुळीच परकी वाटू नये. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. जमिनीच्या हक्कात बदल झाला, तर सात-बारावरील जुने नाव खोडून तेथे गुपचूप नवे नाव लिहिले जात नाही. आधी फेरफार नोंदविला जातो, त्यास क्रमांक मिळतो, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, सक्षम अधिकारी तो प्रमाणित करतो आणि मगच सात-बाराला त्याचा अंमल दिला जातो. त्यामुळे आज सात-बारावर असलेले नाव कोणत्या मार्गाने तेथे आले, हे पुढे कितीही वर्षांनी मागे जाऊन पाहता येते.

गिट संगणकातील फायलींसाठी असेच काम करते. कोणती फाईल, कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने बदलली, याची नोंद ते ठेवते. प्रत्येक नोंदीस स्वतंत्र ओळख असते व पूर्वीची कोणतीही नोंदलेली स्थिती परत मिळविता येते. अर्थात ही नोंद आपोआप होत नाही. ती करण्याची आज्ञा माणसाने अथवा स्क्रिप्टने द्यावी लागते, हा मुद्दा पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

या प्रकारच्या साधनांचा इतिहास अर्ध्या शतकाहून जुना आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली ‘एससीसीएस’ तयार केले. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वॉल्टर टिची यांनी पर्ड्यू विद्यापीठात ‘आरसीएस’ विकसित केले. पुढे ‘सीव्हीएस’ आणि २००० साली सुरू झालेले ‘सबव्हर्जन’ यांचा प्रसार झाला. लिनक्स या कार्यप्रणालीचे काम करणारी मंडळी २००२ पासून ‘बिटकीपर’ हे खाजगी मालकीचे साधन वापरीत होती. २००५ मध्ये त्याच्या मोफत वापराची सवलत काढून घेण्यात आली, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात गिटची रचना केली. जुलै २००५ पासून त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आहे. गिट मुक्त आणि विनामूल्य असल्याने त्याचा प्रसार झपाट्याने झाला.

भारतातही या साधनाशी संबंध वाढत आहे. शासकीय संगणक-प्रणालींचा मूळ संकेत खुला करून सहकार्याने विकास करण्याविषयीचे केंद्र शासनाचे धोरण २०१५ सालचे आहे. ‘आरोग्य सेतू’ या अॅपचा मूळ संकेत २६ मे २०२० रोजी खुला करण्यात आला, तो गिटवर आधारलेल्या संकेतस्थळावरच. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडविलेला ‘मुक्ता’ हा देवनागरी अक्षरसंचही अशाच मार्गाने सर्वांना उपलब्ध आहे. जो संकेत गिटद्वारे वाटला जातो, तो उतरवून घेणाऱ्या स्क्रिप्टला संगणकावर गिट असण्याची गरज भासते. म्हणून ज्याने स्वतः गिट कधी वापरलेले नाही, त्याच्याही पडद्यावर हा संदेश येऊ शकतो.

संदेशाची अनेक रूपे

दोष एकच असला तरी तो सांगण्याची भाषा सर्वत्र सारखी नसते. लिनक्सवर ‘कमांड नॉट फाउंड’ किंवा नुसते ‘नॉट फाउंड’ असे शब्द येतात. विंडोजवर, गिट ही अंतर्गत वा बाह्य आज्ञा म्हणून, चालविण्याजोगा प्रोग्राम म्हणून किंवा बॅच फाईल म्हणून ओळखता येत नाही, अशा अर्थाचे लांबलचक वाक्य दिसते. पायथन भाषेतील ‘पिप’ हे साधन, गिट ही आज्ञा सापडत नाही, ते बसविलेले आहे काय आणि तुमच्या ‘पाथ’मध्ये आहे काय, असा सरळ प्रश्न विचारते. नोड प्रणालीतील ‘एनपीएम’ मात्र ‘स्पॉन गिट ईएनओईएनटी’ असा गूढ संकेत देते. त्यातील शेवटचे अक्षरसमूह ‘अशी फाईल वा फोल्डर नाही’ या अर्थाचे संक्षिप्त रूप आहे.

काही वेळा संदेशच दिसत नाही, परंतु स्क्रिप्ट संपताना एक अंक मागे राहतो. लिनक्स व तत्सम प्रणालींवर १२७ हा अंक आज्ञा सापडली नाही असे सांगतो, तर १२६ हा अंक आज्ञा सापडली पण ती चालविता आली नाही असे सांगतो. पहिल्यात वस्तूच हाती लागलेली नसते, दुसऱ्यात बहुधा परवानगीचा प्रश्न असतो. हे दोन अंक ओळखता आले तरी शोधाची दिशा निश्चित होते.

संगणक शोध कसा घेतो?

उपाय समजण्यासाठी संगणकाची शोधण्याची रीत आधी समजून घेतली पाहिजे. स्क्रिप्टमध्ये ‘गिट’ एवढाच शब्द लिहिलेला असतो. त्या नावाचा प्रोग्राम डिस्कवर कोठे आहे, हे त्यात नसते. अशा वेळी संगणक संपूर्ण डिस्क धुंडाळीत बसत नाही. त्याच्याजवळ ‘पाथ’ या नावाची एक यादी असते व तीत काही फोल्डरांचे पत्ते क्रमाने लिहिलेले असतात. संगणक पहिल्या पत्त्यावर जातो, तेथे नाव न मिळाल्यास दुसऱ्या, मग तिसऱ्या. यादी संपली की शोधही संपतो.

अभिलेख कक्षातील शिपायाला ठराविक चार कपाटांची यादी देऊन फाईल आणण्यास सांगितले, आणि फाईल पाचव्या कपाटात असली, तर तो ‘फाईल नाही’ असेच सांगत परत येईल. त्याचे सांगणे त्याच्या यादीपुरते खरे आहे, पण फाईल हरवलेली नाही. संगणकाचा ‘सापडत नाही’ हा शब्दही याच अर्थाने घ्यावा. वस्तू नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. दिलेल्या ठिकाणी वस्तू नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यादीविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कोणताही प्रोग्राम सुरू होतो त्या क्षणी त्याला यादीची प्रत मिळते. नंतर मूळ यादीत भर घातली, तरी आधीपासून उघडी असलेली खिडकी जुन्याच प्रतीवर चालत राहते. म्हणूनच गिट नुकतेच बसविले असता त्याच खिडकीत ते ‘सापडत नाही’ आणि खिडकी बंद करून पुन्हा उघडली की लगेच सापडते.

दोषनिवारणाच्या पायऱ्या

यावरून दोषाची मुख्य कारणे तीनच निघतात : गिट संगणकावर नाही, गिट आहे पण यादीत त्याचा पत्ता नाही, किंवा स्क्रिप्ट ज्या परिस्थितीत चालते तेथील यादी निराळी आहे. त्यांचा याच क्रमाने तपास करावा. पुढे दिलेल्या आज्ञा येथे देवनागरीत लिहिल्या असल्या तरी संगणकावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत द्यावयाच्या असतात.

पहिली पायरी – गिट आहे की नाही, हे पाहणे. नवी आज्ञा-खिडकी उघडून ‘गिट --व्हर्जन’ असे विचारावे. आवृत्तीचा क्रमांक आला, तर गिट आहे आणि त्या खिडकीला ते सापडते. ते नेमके कोठे आहे हे लिनक्स व मॅकवर ‘कमांड -व्ही गिट’ या आज्ञेने आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर गिट’ या आज्ञेने कळते. विंडोजवरील पॉवरशेलमध्ये मात्र ‘व्हेअर’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तेथे ‘व्हेअर.ईएक्सई गिट’ असे पूर्ण लिहावे, अन्यथा उत्तर न आल्याने गिट नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

दुसरी पायरी – नसल्यास बसविणे. उबुंटू व डेबियनवर ‘एपीटी’, फेडोरावर ‘डीएनएफ’ या त्या त्या प्रणालीच्या अधिकृत भांडारातून गिट घ्यावे. विंडोजवर ‘गिट फॉर विंडोज’ हा अधिकृत संच बसवावा. बसविताना, गिट केवळ त्याच्या स्वतःच्या खिडकीतून वापरायचे की इतर प्रोग्रामांनाही ते उपलब्ध करायचे, असा प्रश्न विचारला जातो. तेथे पहिला पर्याय निवडला गेला, तर गिट बसूनही स्क्रिप्टला ते सापडत नाही. मॅकवर ‘एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल’ या आज्ञेने विकासकांची साधने बसतात व त्यांत गिट येते. मॅकची कार्यप्रणाली अद्ययावत केल्यानंतर ही साधने पुष्कळदा पुन्हा बसवावी लागतात. काल चालणारी स्क्रिप्ट आज अडण्याचे तेथील हे नेहमीचे कारण आहे.

तिसरी पायरी – असल्यास यादीत पत्ता घालणे. विंडोजवर गिट सामान्यतः सी ड्राइव्हवरील ‘प्रोग्राम फाइल्स’मधील ‘गिट’ या फोल्डरात असते व त्यातील ‘सीएमडी’ या उपफोल्डराचा पत्ता यादीत असावा लागतो. ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ या खिडकीत ‘पाथ’ निवडून तो पत्ता नवीन ओळ म्हणून जोडावा. ‘गिटहब डेस्कटॉप’ हा प्रोग्राम स्वतःपुरते गिट बरोबर आणतो, पण यादीत त्याचा पत्ता घालीत नाही. त्यामुळे ‘माझ्या संगणकावर गिट आहे’ असे वापरणारा म्हणतो आणि स्क्रिप्ट ‘नाही’ म्हणते. दोघेही आपापल्या परीने खरे असतात. नव्या मॅकवर ‘होमब्रू’ या साधनाने बसविलेले प्रोग्राम ‘/ऑप्ट/होमब्रू/बिन’ येथे, तर इंटेल प्रक्रियक असलेल्या जुन्या मॅकवर ते ‘/यूएसआर/लोकल/बिन’ येथे असतात. स्क्रिप्टमध्ये जुना पत्ता पक्का लिहिला असेल, तर यंत्र बदलताच ती अडते.

चौथी पायरी – हवे ते साधन नेमके कोणते, हे तपासणे. सर्वच स्क्रिप्टांना गिट हवे असते असे नाही. जुन्या स्क्रिप्टा सबव्हर्जन किंवा मर्क्युरियल मागतात आणि त्यांच्या आज्ञांची नावे अनुक्रमे ‘एसव्हीएन’ व ‘एचजी’ अशी आहेत. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि रसायनशास्त्रात पाऱ्याचे चिन्ह ‘एचजी’, हे विज्ञानशिक्षकांच्या तत्काळ ध्यानी येईल. अॅपलने २०२० मध्ये आपल्या साधनसंचातून सबव्हर्जन वगळले, तेव्हा अशा अनेक स्क्रिप्टा मॅकवर एकाएकी थांबल्या. गिट असूनही ते जुने असणे हाही एक प्रकार आहे. उदाहरणार्थ, ‘गिट स्विच’ ही आज्ञा २०१९ च्या ऑगस्टमधील २.२३ या आवृत्तीत आली. त्याआधीच्या आवृत्तीला ती ठाऊक नसते.

रात्रीच्या स्क्रिप्टचा धडा

वरील दोष पडद्यावर तरी दिसतात. खरा धोका आहे तो कोणीही समोर नसताना चालणाऱ्या स्क्रिप्टांत. एक उदाहरण कल्पून पाहू.

समजा, एका शाळेतील लिनक्स संगणकावर विद्यार्थ्यांच्या गुणांच्या फायली आहेत. रोज रात्री एक वाजता ‘क्रॉन’ या वेळापत्रक पाळणाऱ्या व्यवस्थेने एक स्क्रिप्ट चालवावी, अशी योजना केली आहे. स्क्रिप्ट तीन गोष्टी करते : गुणांच्या फोल्डरात जाते, त्या दिवशीचे बदल गिटमध्ये नोंदविते आणि शेवटी नोंदवहीच्या फायलीत ‘काम पूर्ण’ अशी ओळ लिहिते. शिक्षकाने दिवसा ती स्वतः चालवून पाहिली, नोंद व्यवस्थित झाली. जूनमध्ये सुरू झालेली ही व्यवस्था मार्चपर्यंत चालली आणि रोज सकाळी ‘काम पूर्ण’ ही ओळ दिसत राहिली. वार्षिक निकालाच्या घाईत एका फाईलवर दुसऱ्या वर्गाची फाईल चुकून लिहिली गेली. फेब्रुवारीतील प्रत काढावी म्हणून गिट उघडले, तेव्हा तेथे जूनमधील ती एकच नोंद होती.

असे का व्हावे? या संगणकावर गिट ‘/यूएसआर/लोकल/बिन’ येथे बसविलेले होते. माणूस खिडकी उघडून बसतो, तेव्हा त्याच्या यादीत हा पत्ता असतो. क्रॉन मात्र स्वतःची आखूड यादी वापरते आणि तीत सामान्यतः ‘/यूएसआर/बिन’ व ‘/बिन’ हे दोनच पत्ते असतात. म्हणून दिवसा सापडणारे गिट रात्री सापडेना. त्यातही स्क्रिप्टमधील एक आज्ञा फसली तरी, थांबण्याची स्पष्ट सूचना नसल्यास, पुढील आज्ञा चालतच राहतात, आणि शेवटची आज्ञा यशस्वी झाली की संपूर्ण स्क्रिप्ट यशस्वी झाली असे धरले जाते. ‘काम पूर्ण’ ही शेवटची ओळ लिहिण्यास गिटची गरजच नव्हती. चूक सांगणारा संदेश क्रॉन टपालाने पाठविते, परंतु ज्या संगणकावर टपालाची व्यवस्था केलेली नाही, तेथे तो कोणाच्याच हाती पडत नाही.

थोडक्यात, संगणकाने दोष लपविला नाही. तो सांगितला, परंतु ऐकण्यास कोणी नव्हते. या प्रकारावर पुढीलप्रमाणे उपाय योजता येतात.

एक : क्रॉनच्या फायलीत अथवा स्क्रिप्टच्या आरंभी पाथची यादी स्पष्ट लिहावी, किंवा गिटचा पूर्ण पत्ता द्यावा.

दोन : काम सुरू करण्यापूर्वी ‘कमांड -व्ही गिट’ने गिट आहे की नाही हे स्क्रिप्टनेच तपासावे. नसल्यास काय हवे आहे व ते कोठून घ्यावे हे स्पष्ट शब्दांत सांगून तिने तेथेच थांबावे.

तीन : ‘सेट -ई’ ही सूचना आरंभी घालावी, म्हणजे आज्ञा फसताच स्क्रिप्ट थांबते. मात्र येथे एक खाच आहे. ज्या दिवशी काहीच बदल झालेला नसतो, त्या दिवशी गिटची नोंद करण्याची आज्ञाही अपयशाचा अंक देते. म्हणून बदल आहे की नाही हे आधी पाहून मगच नोंद करावी, अन्यथा सुटीच्या दिवशी विनाकारण धोक्याची घंटा वाजत राहील आणि लवकरच तिच्याकडे कोणी लक्ष देईनासे होईल.

चार : ‘काम पूर्ण’ हा शेरा गिटची नोंद यशस्वी झाली तरच लिहिला जाईल, अशी रचना करावी. यशाबरोबर चुकीचे संदेशही त्याच फायलीत उतरवावेत.

पाच : स्क्रिप्टची परीक्षा रात्रीच्याच परिस्थितीत घ्यावी. ‘एन्व्ह -आय’ या आज्ञेने माणसाच्या सर्व सोयी बाजूला ठेवून व केवळ दोन पत्त्यांची यादी देऊन स्क्रिप्ट दिवसाच चालविता येते.

सहा : महिन्यातून एकदा एखादी जुनी प्रत प्रत्यक्ष बाहेर काढून पाहावी. जी प्रत परत मिळवून पाहिलेली नाही, ती सुरक्षित आहे असे मानू नये. शिवाय गिटची नोंद त्याच डिस्कवर असेल, तर डिस्क निकामी होताच मूळ व नोंद दोन्ही जातात. म्हणून दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवणे आवश्यकच आहे.

हेच तत्त्व इतर ठिकाणीही लागू पडते. ‘सुडो’ वापरून व्यवस्थापकाच्या अधिकारात आज्ञा दिली की पुष्कळ प्रणालींवर वेगळी, सुरक्षित यादी लागू होते. ‘डॉकर’च्या छोट्या पेट्यांत जागा वाचविण्यासाठी गिट ठेवलेलेच नसते, ते पेटी तयार करतानाच घालावे लागते. यजमान संगणकावर गिट असल्याचा पेटीतील स्क्रिप्टला काही उपयोग नाही.

काय करू नये?

दोष दूर करण्याच्या घाईत नवे दोष निर्माण होतात. कोठल्या तरी अनोळखी स्थळावरून गिट उतरवून घेऊ नये. गिटची एकच फाईल उचलून स्क्रिप्टच्या फोल्डरात ठेवू नये, कारण तिला आपल्या सोबतीच्या इतर अनेक फायलींची गरज असते. यादीत भर घालताना जुनी यादी पुसली जाणार नाही, याची दक्षता घ्यावी. जुनी यादी गेली तर गिट सापडेल, पण बाकी सारे सापडेनासे होईल. विंडोजवरील ‘सेटएक्स’ ही आज्ञा १०२४ अक्षरांपलीकडचा मजकूर कापून टाकते. लांब यादी तिच्या हाती दिल्यास शेवटचे पत्ते नाहीसे होतात. चालू फोल्डर दर्शविणारे एकटे टिंब लिनक्सच्या यादीत घालण्याचा सल्लाही मानू नये. त्यामुळे एखाद्या फोल्डरात कोणी मुद्दाम ठेवलेला त्याच नावाचा घातक प्रोग्राम चालण्याचा धोका उद्भवतो. स्क्रिप्टमधील तपासणीची ओळच काढून टाकणे, हा तर आजारी माणसाचा तापमापक फोडण्यासारखा उपाय होय.

गिट सापडल्यानंतर संदेश बदलला, तर निराश होऊ नये. ‘हे गिटचे भांडार नाही’ असा संदेश आला, तर बहुधा मूळ संकेत दाबून बांधलेल्या ‘झिप’ फाईलच्या रूपाने उतरविलेला असतो. तीत फायली असतात, पण फेरफारांचा इतिहास नसतो. अशा वेळी ‘गिट क्लोन’ने संपूर्ण भांडार आणावे. ‘मालकी संशयास्पद’ अशा अर्थाचा संदेश आला, तर फोल्डर एका वापरकर्त्याच्या नावावर असून स्क्रिप्ट दुसऱ्याच्या नावाने चालत आहे, असे समजावे. सुरक्षिततेसाठी ही तपासणी २०२२ पासून गिटमध्ये आली आहे. संदेश बदलणे म्हणजे प्रकरण एका टेबलावरून पुढील टेबलावर गेले, असे समजून तपास चालू ठेवावा.

शिक्षक व पदाधिकाऱ्यांचे कार्य

अधिकारी, शिक्षक किंवा पंचायत सदस्य यांनी स्वतः स्क्रिप्टा लिहाव्यात, अशी अपेक्षा नाही. परंतु बाहेरच्या व्यक्तीकडून किंवा संस्थेकडून काम करवून घेताना काही प्रश्न त्यांनी अवश्य विचारावेत. ही स्क्रिप्ट चालण्यासाठी संगणकावर कोणकोणते प्रोग्राम लागतात व त्यांची यादी लेखी दिली आहे काय? एखादा प्रोग्राम नसल्यास ती थांबते की तशीच पुढे जाते? तिच्या अपयशाची वार्ता कोणाला कळते? मागील महिन्यातील प्रत आत्ता काढून दाखविता येईल काय? या चार प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये. तसेच नागरिकांचे आधार क्रमांक, बँक खाती किंवा संकेतशब्द गिटच्या खुल्या भांडारात कदापि जाऊ देऊ नयेत. गिट जुने काही विसरत नाही, हा त्याचा गुण अशा वेळी अंगलट येतो.

ज्यांना या विषयाचा अधिक अभ्यास करावयाचा आहे, त्यांना मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम उपयोगी पडेल. त्यात मुक्त संगणक-साधनांचे धडे भारतीय भाषांमधून दिले जातात. शाळेच्या संगणक कक्षात पाथची यादी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवून, त्यातील एक पत्ता एका खिडकीपुरता काढून टाकावा आणि दोष कसा निर्माण होतो व कसा दूर होतो हे त्यांच्याकडूनच शोधून घ्यावे. एका तासिकेत होणारा हा प्रयोग कारण आणि परिणाम यांचा संबंध शिकविण्यास उत्तम आहे.

संगणक सांगितलेल्या जागी शोधतो आणि न मिळाल्यास तसे सांगतो. कोठे शोधायचे हे त्याला नीट सांगणे आणि तो काय म्हणतो ते वेळेवर वाचणे, ही दोन कामे मात्र माणसाचीच आहेत. दप्तर यंत्रावर गेले म्हणून दप्तराची जबाबदारी यंत्रावर जात नाही. फेरफार नोंदवहीची पाने वेळोवेळी तपासण्याची जी शिस्त महसुली कारभाराने लावून दिली आहे, तीच शिस्त संगणकावरील नोंदींनाही लावली, तर ‘सापडत नाही’ हा संदेश संकटाचा न राहता वेळीच मिळालेल्या सूचनेचा ठरेल.